चौक्याच्या घाटात सातव्यांदा

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. माझ्यात चौदा फ्यूज आहेत, पाच रिले, दोन मोठे दिवे, एक हॉर्न, रेडिएटरमागे एक पंखा आणि एक बॅटरी. बॅटरीच्या ऋण टोकातून दोन जाड काळ्या वायरी निघतात. एक इंजिनाला जाते, दुसरी माझ्या पत्र्याला बोल्टने जोडलेली आहे. पंचवीस एप्रिलच्या दुपारी यातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. तरीही चौक्याच्या घाटात मी बंद पडले. ती सहावी वेळ होती.

मित्रांनो, माझी बारा वर्षं शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेली. तेव्हा मी सावलीत उभी असे आणि रोज पुसली जाई. मग मला फुलंब्रीच्या विशाखाताईंनी घेतलं. त्या शहरातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतात. लॅबच्या जवळच ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा प्रणय आणि शेजारची लाइबा, दोघं त्या शाळेत शिकतात. आम्ही सकाळी निघतो आणि दुपारी घाट चढून परत येतो.

दर वर्षी चौदा एप्रिलला माझा मोठा मान असतो. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत मी सर्वांत पुढे चालते. विशाखाताईंचा धाकटा भाऊ राजकुमार मला निळ्या दिव्यांनी सजवतो. लहान मुलं माझ्या बॉनेटला टेकून फोटो काढतात. यंदाही सगळं असंच झालं. दोन दिवसांनी मी पहिल्यांदा बंद पडले.

माझं दुखणं विचित्र होतं. चालता चालता एकदम सगळं मंद व्हायचं, इंजिन थांबायचं, दिवे आणि हॉर्नही गप्प व्हायचे. दहा-पंधरा मिनिटांनी मी आपोआप सुरू व्हायचे. कुठे दुखतंय ते मला कळत नव्हतं. तुमच्या पोटात दुखतं तेव्हा तुम्हाला तरी बोट नेमकं ठेवता येतं का?

फुलंब्रीच्या गॅरेजमध्ये मला नवी बॅटरी बसवली, मग एक रिले बदलला. तरी मी बंद पडले. राजकुमार वैतागला.

"ताई, जावयासारखी हाय ही," तो म्हणाला. "मनात आलं की बसती रुसून. देऊन टाक भंगारात."

लाइबाने मात्र माझी खूण ठरवून टाकली होती. मी थांबले की ती तळहातावर गाल टेकायची. गाडी झोपली.

त्या सहाव्या वेळी आम्ही वळणावर होतो. विशाखाताईंनी मला कशीबशी कडेला घेतलं. धोक्याचे दिवे लागेनात. त्या बॉनेट उघडायला उतरल्या आणि प्रणयने रस्त्याच्या बाजूचं दार उघडून पाय खाली टाकला. मागून ट्रक येत होता. त्याचा हॉर्न मला ऐकू आला. प्रणयला येणार नव्हता. माझा हॉर्न वाजला असता तरी उपयोग नव्हता, पण तो वाजतही नव्हता. विशाखाताईंनी धावत येऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला माझ्या पत्र्याशी दाबून ठेवलं. ट्रक इतक्या जवळून गेला की माझा आरसा मिटला.

 घरी पोहोचल्यावर विशाखाताई राजकुमारला म्हणाल्या, "आजार सापडल्याबिगर पोरं हिच्यात बसणार नाईत."

"सोमवारी परीक्षा हाय त्यांची."

"म्हणून तर. नाय सापडला, तर प्रणयला वसतिगृहात ठेवते. रविवारी बोलव तुझ्या भंगारवाल्याला."

प्रणय दारात उभा होता. त्याला ऐकू आलं नाही, पण आईचे ओठ त्याला वाचता येतात. वसतिगृह हा शब्द तो ओळखतो.

शनिवारी मला शहरातल्या जिन्सी भागात नूरमोहम्मद चाचांच्या दुकानात नेलं. चाचा चाळीस वर्षं फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. त्यांनी मला सुरू केलं, हॉर्न वाजवला, दिवे लावले. मी ठणठणीत होते. मला माझीच लाज वाटली.

"डॉक्टरसमोर मरीजचा ताप उतरतो बेटा," चाचा म्हणाले. "कधी कधी बंद पडली?"

विशाखाताईंनी वही पुढे केली. लॅबमुळे त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय आहे. सहा नोंदी होत्या: तारीख, वेळ, जागा. चाचांनी चष्मा लावला.

"सगळ्या दुपारच्या. सगळ्या चढावर. सकाळी एकपण नाय." त्यांनी नोंदींवरून पुन्हा बोट फिरवलं. "म्हणजे इंजिन तापतंय, पंखा चालू होतोय, आणि मगच मरतीय. सोळा तारखेच्या आधी काय काम केलं होतं गाडीचं?"

"काहीच नाय," विशाखाताई म्हणाल्या.

"काहीच नाय चाचा," राजकुमारही म्हणाला. दोघंही खरंच बोलत होते.

"मग पुर्जे बदलून फायदा नाय. मरताना बघावं लागंल हिला."

चाचांनी व्होल्ट मोजायचं मीटर काढलं. त्याचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला बांधलं, दुसरं पत्र्याला, आणि लांब वायर खिडकीतून आत घेतली. मित्रांनो, बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत बॅटरीकडे यावी लागते. माझ्या दिव्यांची, हॉर्नची, पेट्रोलच्या पंपाची वीज माझ्या पत्र्यावरूनच परतते. वाट मोकळी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतं. वाट अडली की आकडा चढतो. पंखा सुरू झाला की या वाटेवर सर्वांत जास्त वीज येते.

भर दुपारी आम्ही घाटाकडे निघालो. विशाखाताई चालवत होत्या, शेजारी चाचा मीटर मांडीवर धरून. राजकुमार मोटारसायकलच्या मागे लाल फडकं बांधून आमच्या पाठीशी होता, मागून येणाऱ्या गाड्यांना दिसावं म्हणून.

सावंगी गाव मागे पडलं. चाचा आकडे वाचत होते. "शून्य पॉइंट एक... एक... दोन."

चढ सुरू झाला. माझं पाणी तापू लागलं.

"शून्य पॉइंट दोन... तीन..."

खट्‌कन पंखा सुरू झाला.

"एक पॉइंट चार. गाडी बाजूला घे बेटा. दोन पॉइंट सहा. घे बाजूला."

मला अंधारून आलं. त्याच वळणावर, सातव्यांदा, मी थांबले.

"किल्लीला हात नको लावू," चाचा म्हणाले. "सगळं असंच राहू दे." मीटरवर ९.६ होते. मागे राजकुमार फडकं हलवत गाड्यांना वळवत होता. केव्हाही मी आपोआप बरी झाले असते, आणि मग पुन्हा काहीच दिसलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण अजून थोडं आजारी राहावं.

चाचांनी बॉनेट उघडलं. मीटरचं टोक ते एकेक पाऊल सरकवत गेले. बॅटरीचं टोक ते वायरीची पकड: शून्य. काळ्या वायरीचं दुसरं टोक: शून्य. त्या टोकाखालचा पत्रा: ९.६.

"इथं हाय," ते हळूच म्हणाले.

पाना लावावाच लागला नाही. बोल्ट बोटांनीच फिरला. वायर आणि पत्रा यांच्यामध्ये गंजलेली लोखंडी चकती होती, आणि तिला बोटभर लांबीची निळी वायर, पुढे कापलेली. हा सैल सांधा तापला की वाट तुटायची, निवला की पुन्हा जुळायची.

राजकुमार धावत आला होता. त्याने ती वायर पाहिली आणि तिथेच उभा राहिला.

"ही लायटिंगची हाय," तो म्हणाला. "मीच लावली होती, जयंतीला. काढताना कापली अन् चकती तिथंच राहिली. बोल्ट हातानंच आवळला."

"अरे मग मी विचारलं तेव्हा काम नाय केलं म्हणाला."

"ते गाडीचं काम थोडंच होतं चाचा. ते जयंतीचं होतं."

चाचा हसले, पण विशाखाताई हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे पाहत होत्या, काल जिथे प्रणयचा पाय टेकला होता तिकडे. राजकुमारने मान खाली घातली. "ताई, चुकलं माझं."

"वहीत लिही," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातानं. चौदा एप्रिल, लायटिंग."

त्याने लिहिलं.

चाचांनी पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासला, चकती फेकली, नवा बोल्ट पान्याने आवळला. "पुढच्या जयंतीला माझ्याकडं आण. दुपटीनं झगमगवतो, पण वेगळ्या वायरीनं." मीटर त्यांनी विशाखाताईंकडेच ठेवलं. रविवारी राजकुमारने मला दोनदा घाट चढवला. भंगारवाल्याला फोन त्याने केलाच नाही.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. आमच्यावर काही जोडलंत, काही काढलंत, मग ते हौसेचं असो की मानाचं, तर ते लिहून ठेवा. काढताना पूर्ण काढा. आणि कुणी विचारलं, तर आनंदात केलेलं कामही कामच समजून सांगा. तुमची वही हीच आमची जीभ आहे.

सोमवारी पहिला पेपर देऊन दोन्ही मुलं मागच्या सीटवर बसली. दारं आतून बंद होती. राजकुमार पुढे मीटर धरून होता. सावंगी गेली, चढ लागला, पाणी तापलं. वळणावर विशाखाताईंनी दोन्ही दिवे लावले आणि हॉर्न दाबून धरला. पंखा सुरू झाला. लाइबाचा तळहात गालापाशी तयार होता. राजकुमारने वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, बारा वाजून बावन्न मिनिटं, आणि पुढे आकडा लिहिला: ०.०६ व्होल्ट.