दोनच माणसांची गाडी

"आधी डावा पाय बाहेर काढ," मी म्हणाले.

"काढलाय की."

"तो उजवा आहे, व्हाइनेर."

माझा धाकटा भाऊ अंगणाच्या मधोमध त्या निळ्या गाडीत अडकून बसला होता. गाडी इतकी बुटकी, की आत बसलेल्या माणसाशी बोलायला मला गुडघ्यांवर हात ठेवून वाकावं लागत होतं. शेवटी त्याच्या दोन्ही बगलांत हात घालून मी त्याला बाहेर ओढलं. लहानपणी चेरीच्या झाडावरून असंच उतरवायची. फरक इतकाच, की तेव्हा तो नव्वद किलोंचा नव्हता.

"झकास आहे," धापा टाकत तो म्हणाला.

"एक लाख वीस हजार युरो," मी म्हणाले. "तेही बावीस वर्षांच्या जुन्या गाडीला."

"लाल घेतली असती तर अजून दहा हजार पडले असते. वाचवलेच की मी."

व्हाइनेरनं पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. भल्या पहाटे निघायचं, टेकड्यांवरच्या गोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि चीजवाल्यांकडे पोचवायचं. लग्न केलं नाही. खालच्या मजल्यावर तो आणि वरच्या मजल्यावर नवऱ्यामागं एकटी राहिलेली मी, असं आमचं घर. मागच्या शरदात वडिलांची चेरीची बाग विकली आणि पैसे निम्मे निम्मे वाटून घेतले. माझ्या वाट्यातून मी घराच्या सगळ्या खिडक्या बदलल्या. त्याच्या वाट्यातून छप्पर होईल, असं धरून चालले होते. छप्पर राहिलं आणि अंगणात ही उभी राहिली.

आमच्या गावाला ही गाडी नवी नाही. तिचा कारखाना गावाच्या टोकालाच आहे. पोरंसोरंसुद्धा आवाजावरून सांगतात, चाचणीला कुठली गाडी निघाली आहे. प्रत्येक घरातलं एक तरी माणूस तिथं कामाला जातं. पण गावात कुणाच्या दारात ती गाडी उभी आहे, असं कधी झालं नव्हतं. ती बनायची इथं आणि जायची दूर, ज्यांची नावं आम्हाला उच्चारता येत नाहीत अशा लोकांकडे.

"मला विचार त्यात काय असतं ते," मी त्याला म्हणाले. "गाईचं कातडं, धागा, गोंद आणि फोम. चौतीस वर्षं तिथं सीट शिवल्यात मी. एवढ्या पैशांचं त्यात काही नसतं."

"मग पहिल्यांदा तूच बस. चल, पुलापर्यंत जाऊन येऊ."

"मी नाही बसणार."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

इरीसच्या बारमध्ये तर त्याची रोज हजेरी घेतली जायची. पत्ते पिसता पिसता कुणीतरी सुरू करायचं.

"काय रे व्हाइनेर, दुधाचे कॅन किती मावतात हिच्यात?"

"एकही नाही."

"आणि माणसं?"

"दोन."

"म्हणजे माझी सायकल बरी. मागं बायको बसते, पुढं बटाटे."

तो हसायचा. त्याला राग येतच नाही, हा त्याचा जुना दोष. मला मात्र यायचा. घरात मी त्याला हजार बोलेन, बारमधल्यांनी काय म्हणून बोलावं?

एप्रिलमधल्या एका दुपारी लेआर्को आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. लेआर्को म्हणजे ओतशाळेतला. कारखान्याची इंजिनं जिथं ओततात तिथं एकतीस वर्षं काढलेला, आता एकोणऐंशीचा. ओतशाळेनं त्याचे कान नेले. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

"मी नाही कधी बसलो हिच्यात," तो गाडीकडे बघत म्हणाला.

व्हाइनेर लगेच आत जाऊन किल्ली घेऊन आला. दोघं म्हातारे त्या गाडीत शिरले, ते बघायला मी खिडकीत उभी होते. हसूही येत होतं आणि काळजीही वाटत होती.

तासाभरानं परतले. लेआर्कोला बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. त्याचे डोळे ओले होते.

"काय झालं? चक्कर आली?" मी ओरडले.

"इंजिन पाठीमागं असतं हिचं," तो म्हणाला. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण तो मला सांगत नव्हताच. "सीटच्या मागं हात घातला मी. असा, तळवा टेकवून. कानानं काही कळत नाही ना आता. सगळं हाताला कळलं, ओरिएले. आम्ही ओतायचो तेव्हा तो नुसता थंड ठोकळा असायचा. ठोकळा घासायचा, तपासायचा आणि पुढं ढकलायचा. तो असा धडधडतो, हे मला माहीतच नव्हतं."

तो पायीच घरी गेला. व्हाइनेरनं सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये कुणी बटाट्यांचा विषय काढला नाही. रंगखात्यातला ब्रुनेरो व्हाइनेरच्या टेबलापाशी आला, टोपी हातात घेऊन, पाद्र्यापुढं उभा राहावा तसा. मलाही एकदा ने, म्हणाला. मग चाकं बसवणारा आला. गर्दी व्हायला लागली तशी इरीसनं गल्ल्यामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. दर रविवारी कारखान्यातले तीन जण. पावलो टेकडीच्या पहिल्या वळणांपर्यंत जायचं आणि परत. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी वाइनची बाटली आणली तर तिला नाही म्हणायचं नाही.

कारखान्याच्या भटारखान्यातली डिर्चे आली तेव्हा जरा वाद झाला.

"तू कुठं गाडी बनवलीस?" चाकंवाला म्हणाला.

"आणि तू माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय बनवलीस का?" डिर्चे म्हणाली.

व्हाइनेरनं तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

उन्हाळा गेला, द्राक्षं उतरली. दर रविवारी माझा भाऊ इस्त्रीचा सदरा घालून तीन फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक वेळी मी त्याला बाहेर ओढायची. मी स्वतः काही बसले नाही. एकदा त्यानं मला नीटच विचारलं, "तुझं आणि हिचं वैर काय आहे, ते तरी सांग."

तेव्हा मी सांगितलं. माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

चौऱ्याण्णव साल होतं. एक तयार गाडी आमच्या खात्याशेजारी उभी होती, दुसऱ्या दिवशी जायची होती. तिच्या सीट मी आणि नाडियानं शिवलेल्या. नाडिया माझ्या शेजारच्या मशीनवर होती, अठरा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो. जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हणाले, बघू तरी कसं वाटतं. दार उघडून मी आत बसले. एखादा मिनिट असेल. तेवढ्यात देखरेख करणारा आला, बरोबर चारदोन पाहुणे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई, उठा," म्हणाला, "तुम्ही बसायचं नाही, शिवायचं." मी उठले. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि मी बसले होते ती जागा पुसली. पाहुण्यांसमोर.

व्हाइनेर मग म्हणाला, "नाव काय त्याचं?"

"मेला तो. जाऊ दे."

फेब्रुवारीत व्हाइनेरच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, सहा महिने कुठल्याही बुटक्या जागेवर बसायचं नाही. गाडीचं तर नावच काढू नका. मोडेनातला एक व्यापारी गाडीची चौकशी करून गेला होता. व्हाइनेर पलंगावरून म्हणाला, "यादी संपली की विकू. छप्पर घालू तुझं. झाली हौस."

"किती नावं राहिलीत?"

"एकच." तो छताकडे बघत होता. "नाडियाचं."

नाडियाची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. एकटीनं कॉफीचं भांडंसुद्धा उघडता येत नव्हतं. महिन्याअखेर मुलगी तिला त्रिएस्तेला घेऊन जाणार होती, कायमची. व्हाइनेर सहा महिने बसू शकत नव्हता. बारमधले दहा जण चालवायला तयार झाले असते, पण ते किल्लीला हात लावतील या विचारानंच त्याला ताप चढला असता.

"मला सांगू नकोस," मी म्हणाले.

"मी कुठं काय सांगितलं?"

"मी साधी छोटी गाडी चालवते. तीही बाजारापर्यंत."

"क्लच जरा जड आहे. बाकी चार चाकंच आहेत. तूच म्हणतेस ना, कातडं, धागा आणि गोंद."

त्या शुक्रवारी दुपारी मी दार उघडलं आणि बसले. अंगणात कुणी नव्हतं, तरी आधी आजूबाजूला बघितलं. मग हळूच सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. दोन हजार दोन सालची गाडी. तेव्हा खात्यात आम्ही बारा जणी होतो. मला वाटत होतं, आपला हात आपल्याला लगेच कळेल. नाही कळला. शिवण माझी असेल, नाडियाची असेल, आता नसलेल्या लोरेट्टाची असेल. टाके सगळे सारखेच होते. आम्हाला शिकवलंच होतं तसं.

नाडिया आपल्या घराच्या दारात कोट घालून, ओठांना लाली लावून उभी होती. तिला बसवायला दहा मिनिटं लागली. बसल्या बसल्या तिनं पुढच्या पॅनलकडे डोळे बारीक करून बघितलं.

"तो कोपरा बघ. ओढलाय."

"कुठं ओढलाय?"

"ओढलाय म्हणते ना. लोरेट्टा असणार. घाईत असायची ती."

"मेलेल्या बाईला तरी सोड."

"ती असती तर तोंडावर सांगितलं असतं."

टेकडीचा रस्ता लागेपर्यंत मी स्टिअरिंग असं धरलं होतं, की खांदे कानांना लागले होते. पहिला चढ आला. मी पाय जरा दाबला. मागून कुणीतरी मोठ्या तळहातानं पाठीला रेटा द्यावा, तशी गाडी उचलली गेली. नाडिया किंचाळली. मी पाय काढला.

"काढलास कशाला?" ती म्हणाली. "परत दाब!"

मग मी दाबला. बोडक्या बागा, नदीचं पात्र आणि वरच्या डोंगरांवरचं उरलेलं बर्फ, सगळं झरझर मागं गेलं. वळणात गाडी रस्त्याला अशी चिकटून वळली, की माझ्या तोंडून शिवी निघाली. ती ऐकून नाडिया इतकी हसली की तिला खोकला लागला. चाळिसाव्या वर्षी आम्ही दोघी अशा हसायचो, मशीनच्या आवाजाखाली, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

वरच्या वळणावर मी गाडी थांबवली.

"एवढ्या पैशांची आहे का गं ही?" मी विचारलं.

नाडियानं खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "एवढ्या पैशांचं काहीच नसतं. माझं घरसुद्धा एवढ्याला जात नाहीये." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण आपण वाईट काम केलं नाही, ओरिएले. मला वाटायचं, आपलं काम नुसतं दिसायला असतं. पाठीला किती नीट धरते ही सीट. माझी पाठ आज दुखलीच नाही."

परतताना मी नेहमीच्या सवयीनं कारखान्याच्या रस्त्याला लागले आणि नेमकी कामाची पाळी सुटली. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला, काही सायकलींवर, बहुतेक पायी. आमच्या गावात या गाड्यांकडे कुणी मान वळवून बघत नाही. बाजूला सरकतात आणि आपलं बोलणं चालू ठेवतात. तसेच तेही सरकले. तेवढ्यात एका मुलीनं आत बघितलं. तिला दोन म्हाताऱ्या बायका दिसल्या. ती जागच्या जागी थांबली. अंगावर आमच्याच खात्याचा करडा झगा होता. तिच्यामागच्या दोघीही थांबल्या.

मी घाबरून क्लच सोडला आणि भर रस्त्यात गाडी बंद पडली. मागून भोंगा वाजला.

नाडियानं मनगटानं बटण दाबून काच खाली घेतली.

"तुम्ही त्या रविवारवाल्या का?" मुलगी म्हणाली. "माझे आजोबा बसले होते. ब्रुनेरो, रंगखात्यातले."

"तू कुठल्या खात्यात?" नाडियानं विचारलं.

"शिवणात. दोन वर्षं झाली."

"बसलीस कधी?"

मुलीनं नुसती नकाराची मान हलवली.

नाडियानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं, मग गाडीच्या नाकाकडे. व्हाइनेर ऑगस्टपर्यंत बसू शकणार नव्हता. व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणणं तर मला जमण्यासारखं होतं. पाऊस आला की वर बादली ठेवायची. दोन वर्षं ठेवतेच आहे.

"इरीसच्या बारमध्ये जा," मी म्हणाले. "भिंतीवर कागद आहे. नाव लिही. या रविवारी मी आहे."

"आम्ही नऊ जणी आहोत," ती म्हणाली.

"मग तीन रविवार."

मुलगी पुढं वाकली, पण तिनं दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवले होते. बोटांना गोंद लागलेला होता. गाडीला डाग पडू नये म्हणून ते हात ती पाठीशी लपवत होती, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं.

मागचा भोंगा पुन्हा वाजला. नाडियानं आपला वाकडा हात खिडकीतून बाहेर काढला, त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिचा हात, गोंदासकट, आत ओढून दाराच्या शिवणीवर ठेवला.

"बघ," ती म्हणाली. "सावकाश बघ."