धुडूम

बुधवारी चौथ्या तासाला आठवी 'ब'मध्ये जे घडलं, ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडलं. प्रयोगशाळेतले काका काचेच्या नळ्यांचा ट्रे घेऊन वर्गात शिरले आणि दाराआड दबा धरून बसलेल्या चौघांनी त्यांच्या कानाशी आरोळी ठोकली, "धुडूम!" काका दचकले, ट्रे हातातून सुटला, नळ्यांचा चुरा झाला. वर्ग हसून लोटपोट झाला. पण काका खाली वाकून काचा वेचायला लागले, बोटातून रक्त टपकलं, तसं हसू एकेका बाकावरून मावळत गेलं.

विज्ञानाच्या बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. त्या धावल्या, "राहू द्या काका, मी झाडते," म्हणाल्या. काकांनी बोटाला रुमाल गुंडाळला आणि कुणाकडे न बघता निघून गेले. गुरुवारी ते कामावर आलेच नाहीत. बावीस वर्षांत न सांगता घेतलेली ही त्यांची पहिली सुट्टी.

"चौघांची नावं उद्या सकाळी माझ्या टेबलावर हवीत," मुख्याध्यापिका बाईंना म्हणाल्या. "पालकांना बोलावते आणि आठ दिवस घरी बसवते. येतं कुठून हो हे पोरांच्या डोक्यात?"

"बघते," एवढंच बाईंच्या तोंडून निघालं.

शाळा सुटल्यावर वर्गात एक मुलगी मागे रेंगाळली. चौघांतली हीच म्होरकी. सारखी वाद घालते म्हणून तिला सगळे वकिलीण म्हणायचे. आज मात्र तिचे डोळे बुटांवरून वर येत नव्हते.

"बाई, आम्ही केलं ते चूकच. शिक्षा करा. पण बाकीचे तिघं म्हणतात, विचारलं तर सगळं सांगून टाकायचं."

"सगळं म्हणजे?"

"तोफेचं."

बाईंना लगेच आठवलं. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी काकांना तीनदा हाक मारली होती. काकांनी वळून बघितलं नाही, तेव्हा वर्गाकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "यांच्या कानाशी आता तोफच उडवायला हवी!" वर्ग खदखदून हसला होता. नव्या शाळेत, नव्या वर्गात मिळालेलं ते पहिलं हसू. बाईंना ते इतकं आवडलं, की पुढे दोन-तीनदा त्यांनी तोच विनोद केला. मग पोरांनी काकांचं नावच 'तोफ' ठेवलं. आधी पाठीमागे, मग व्हरांड्यात, मग शाळेबाहेरच्या बसथांब्यावर चारचौघांत. बाईंच्या कानावर ते येत होतं. त्यांनी कधी कुणाला टोकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी काकांच्या घराच्या वाटेवर बाईंच्या मनात एकच घोळत राहिलं. चार नावं देऊन मोकळं व्हायचं, पोरांवर कोण विश्वास ठेवणार? आपल्याला हे सुचावं, याचीच त्यांना धास्ती वाटली. तिसरा मजला चढून त्यांनी बेल वाजवली.

दार काकांच्या बहिणीने उघडलं. काका खिडकीशी खुर्चीवर होते, बोटाला पट्टी.

"काका, मी माफी मागायला आले," बाई हळूच म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"माफी मागायला आले."

"अं?"

"चूक माझी आहे!" बाई जवळजवळ ओरडल्या. "तोफेचं मी सुरू केलं!" समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

काका म्हणाले, "माहीत आहे. त्या दिवशी तुमचा आवाज चांगला मोठा होता. पहिल्याच फटक्यात ऐकू आलं होतं."

बाईंना तोंड वर करवेना.

"कानाला मशीन लावायला हवं," काका पुढे म्हणाले, "पण लावलं तर शाळेत कळेल, आणि कान गेलेला माणूस ठेवतील का? म्हणून रेटत होतो. आता मात्र बसथांब्यावर उभं राहवत नाही. एक थांबा पुढे चालत जातो."

"उद्या मी मोठ्या बाईंना खरं सांगते. वर्गालाही. तुमच्या कानाचं तुम्ही म्हणाल तेवढंच बोलेन."

"पोरांना घरी बसवू नका, एवढं बघा. आणि मला कुणाच्या रांगा लावून माफ्या नकोत."

शुक्रवारी बाईंनी टेबलावर कागद ठेवला. त्यावर पाच नावं होती, पहिलं त्यांचं स्वतःचं. मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला. "हे वर्गात सांगितलंत तर पोरं तुम्हाला जुमानतील का?"

"ठाऊक नाही."

बाईंना लेखी समज मिळाली. मुलांचं घरी बसणं टळलं, पण पालकांना मात्र बोलावणं गेलं.

वर्गात सांगताना बाईंचा आवाज कापत होता. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, बाकी वर्ग चिडीचूप. तो तास त्यांनी कसाबसा ओढून नेला.

सोमवारी काका आले. आपल्या कानाचं त्यांनी स्वतःच जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं. नोकरीला धक्का लागला नाही. उलट त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?" महिन्याभरात कानाला मशीन आलं.

'तोफ' मात्र लगेच गेली नाही. दुसऱ्या वर्गातली पोरं अधूनमधून ओरडायची. एकदा बसथांब्यावर तसं झालं, तेव्हा वकिलीण त्या घोळक्यासमोर जाऊन उभी राहिली. "ते काका आहेत. बोलायचंय काही? मग समोर येऊन नीट बोला." तिचाही आवाज कापत होता. घोळका पांगला. काकांनी ऐकलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण त्या दिवशी ते पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले नाहीत. तिथेच बसची वाट बघत उभे राहिले.