माझ्यावरचा लाल रंग

मी शिडी बोलतेय. लाकडाची, घडीची, आठ पायऱ्यांची. माझ्यापायी एक माणूस गेलाय, हे आधीच सांगून टाकते. नंतर कळून तुम्ही तोंड फिरवण्यापेक्षा काय ते आत्ताच होऊ दे.

तो माणूस रंगारी होता. मला त्यानंच घडवलं, लग्न झालं त्या वर्षी. दर वर्षी जवसाचं तेल चोळायचा. चढण्याआधी एकेका पायरीवरून अंगठा फिरवायचा, डॉक्टर पोट तपासतात तसा. भिंतींना हवे ते रंग द्यायचा, मला मात्र उघडीच ठेवायचा. लाकडी शिडीला रंग द्यायचा नाही, रंगाखाली चीर झाकली जाते, हे रंगाऱ्यांमध्ये शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. इतकी साधी गोष्ट बायकोला मुद्दाम सांगावी असं अकरा वर्षांत त्याच्या मनातच आलं नाही.

बायको दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मोठी हौशी बाई. चार वर्षांपूर्वी नाताळच्या आधी तो बुटक्या खोल्यांच्या एका कामावर होता, त्यामुळे मी आठवडाभर घरीच होते. तेवढ्यात तिनं मला मागच्या पडवीत नेऊन छान लाल रंग दिला. दोन हात. नवऱ्याला नाताळची भेट म्हणून.

आता कबुली द्यायचीच तर पूर्ण देते. माझ्या पाचव्या पायरीला उन्हाळ्यापासून एक बारीक चीर होती. त्याच्या अंगठ्याला अजून ती लागली नव्हती, मला मात्र आतून जाणवत होती. ब्रश तिच्यावरून फिरला, चीर बुजली, आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं नटणं बघितलं होतं, आता माझी पाळी आली म्हणून मी फुलून गेले. लाज वाटते आता.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी चर्चच्या दारावर नाताळची चांदणी लावायला तो माझ्यावर चढला. अंगठा फिरवला, पण गुळगुळीत रंगाखाली त्याला काय लागणार? पाचवी पायरी मोडली. दाराशी दगडी उंबरा होता. दुपारपर्यंत सगळं संपलं.

मातीच्या वेळी त्याच्या जोडीच्या रंगाऱ्यानं विचारलं, "शिडीला रंग कुणी दिला?" बायको खाली बघत राहिली. गेलेल्याची म्हातारी आई शेजारीच उभी होती, तीही काही बोलली नाही.

त्यानंतर मी पडवीत, जुन्या चादरीखाली. तिच्यानं मला जाळवेना आणि माझ्याकडे बघवेनाही, अशी गत झाली. ती चर्चला जायची बंद झाली. त्या दारातून आत जाणार कशी? नाताळ आला की दवाखान्यात सांगायची, "सगळे सुट्टी घ्या, मी येते कामावर." लोक म्हणायचे, किती कष्टाळू बाई. कष्ट कसले, पळ काढणं होतं ते.

यंदा मात्र धुलाईखान्याची यंत्रं दुरुस्तीला काढली आणि नाताळला तिला घरीच बसावं लागलं. सासू-सून समोरासमोर जेवायला बसल्या. पडवीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे जेवणाआधी एकेकानं उपकारस्तुती करायची असते. चार वर्षं झाली. आज तू कर, पोरी."

"माझ्या तोंडातून नाही निघायची, आई." तिनं हातातला डाव भांड्यात ठेवला. "शिडीला रंग मी दिला होता. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"त्यालाही ठाऊक होतं, रंगवलेल्या शिडीवर चढू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी मला म्हणाला, 'आई, खरवडायला हवी ही. पण तिनं इतक्या हौसेनं दिलाय, तिचं तोंड उतरेल.' आणि मी काय म्हटलं सांगू? 'राहू दे रे, एका दिवसानं काय होतंय. नाताळ झाला की खरवड.'" म्हातारीनं ताट लांब सारलं. "तू चार वर्षं झुरतेस हे बघत होते मी. एका शब्दानं तुझं ओझं हलकं झालं असतं. पण तो शब्द काढला असता तर ते माझ्या डोक्यावर आलं असतं. म्हणून गप्प राहिले."

खुर्ची सरकली. सून उठली ती तडक पडवीत आली आणि माझ्यावरची चादर तिनं ओढून काढली. मला वाटलं, आता माझे तुकडे होणार, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं. ती नुसती बघत उभी राहिली. रागानं चादर पिळत होती. मग तिनं चादरीतच तोंड खुपसलं आणि पुटपुटली, "प्रभू, मला जी क्षमा हवी होती ती मलाच द्यायला लावतोस होय रे?"

आत जाऊन तिनं म्हातारीच्या ताटात वाढलं. "जेवा आई, गार होतंय." मग डोळे मिटले. "प्रभू, तो गेला त्या एका दिवसालाच मी धरून बसले. त्याआधीची अकरा वर्षं तूच दिली होतीस. त्याबद्दल तुझे उपकार. आणि आई अजून माझ्या घरात आहेत, त्याबद्दलही." शेवटचं वाक्य तिला जड गेलं, पण तिनं ते पूर्ण केलं. सासूबाईंना आमेनसुद्धा म्हणवेना, इतक्या त्या रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून मला खरवडलं. मोडक्या पायरीची चीर उघडी पडली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढीशीच होती गं." रविवारी दोघी त्या दारातून चर्चमध्ये गेल्या. दुःख सरलंय असं नाही. सून अजून मधेच इस्त्री थांबवून उभी राहते म्हणे. पण घरात आता त्याचं नाव निघतं.

मी अजून पडवीतच आहे, सात पायऱ्यांची, उघडी. माझ्यावर कुणी चढत नाही, तेच बरं. तुमच्या सणाच्या ताटावर समोर कुणी मान खाली घालून बसलं असेल आणि तुमच्याकडे त्याच्यापुरता एक शब्द असेल, तर तो आजच काढा. मला तेव्हा तोंड नव्हतं. त्या दोघींना होतं.