तिथीची पाऊणपट

दुपारी तीन वाजता चाकणच्या कारखान्यात समुद्री शेवाळापासून बनवलेले पॅकिंगचे कोरडे कागद पुन्हा ओले झाले. काल ते सव्वादोनला भिजले होते. छत गळत नव्हतं, नळ बंद होते. हा तिसरा लॉटही नापास झाला, तर सुपरवायझर सुजितची नोकरी जाणार होती.

वाळवणीवरच्या सावित्रीबाई दापोलीकडच्या. त्यांनी बोटं मोजली. “आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन.”

“मावशी, समुद्र राहिला घाटाखाली!” एक कामगार हसला.

“तो राहिला हो. शेवाळ तुम्हीच वर आणलंत ना?”

सुजित हसला नाही. पंचमीला सकाळी साडेनऊला, ओहोटी गाठून, त्याने लॉट तपासून घेतला. कागद खडखडीत निघाले, पास झाले. जेवणानंतर टेम्पो हिंजवडीच्या गिऱ्हाइकाकडे निघाला.

पावणेचारला ड्रायव्हरचा फोन आला. “भाऊ, ट्रॅफिकमध्ये अडकलोय. मागच्या दारातून पाणी गळतंय. खारट लागतंय राव! आतून लाटेसारखा आवाज येतोय. दार उघडू का?”

“नको,” सुजित म्हणाला, तोवर फोन कटला होता.

सहा वाजेपर्यंत टेम्पो गिऱ्हाइकाच्या गेटवर पोचला नव्हता. ड्रायव्हरचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.