क्लेमंटची ट्रायम्फ

माझी थोरली बहीण विनिफ्रेड आणि तिचा नवरा क्लेमंट लग्नानंतर फिरायला गेले ते लाल ट्रायम्फमधून. इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीतच तयार झालेली दोन माणसांची उघडी गाडी, तीही वापरलेली घेतलेली. वेल्सच्या डोंगरात पावसाने गाठलं, कापडी टप गळायला लागला आणि विनी पार बार्मथच्या समुद्रापर्यंत मांडीवर डबा धरून पाणी झेलत गेली. ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली, की ते पाणी माझ्याच गुडघ्यांवर पडलंय असं मला वाटायचं.

पुढे मुली झाल्या. दोन सीटच्या गाडीत कोण मावणार? क्लेमंटने ती गॅरेजमध्ये घातली आणि गंज काढायला म्हणून सगळी सुटी केली. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर आणतो, म्हणाला. तो पोस्टमन होता. दुपारी मोकळा व्हायचा, जेवायचा आणि गॅरेजमध्ये शिरायचा. विनी चहा नेऊन द्यायची. आत रेडिओवर क्रिकेट, ग्रीसचा वास, आणि हा खाली बसून काहीतरी घासतोय. असे कितीतरी उन्हाळे गेले, मुली संसाराला लागल्या. मी औषधांचं दुकान सांभाळून हौसेने दोन जुन्या एमजी गाड्या दुरुस्त करून उभ्या केल्या होत्या, पण मदतीला येऊ का विचारलं की तो म्हणायचा, पूर्ण झाली की बघायला ये.

तीन वर्षांपूर्वी क्लेमंट झोपेतच गेला. काही महिन्यांनी विनीने मला बोलावलं. म्हणाली, आता थोडंच राहिलं असेल, आपण दोघं मिळून संपवू.

गाडी दिसायला झकास होती. बॉडी सांगाड्यावर बसवलेली, रंगाचा पहिला हातही दिलेला. दार लावायला गेलो तर लागेना. पलीकडचंही लागेना. मी वाकून खालून पाहिलं आणि लक्षात आलं. दारांखालचे कुजलेले पत्रे कापण्याआधी चौकटीत आधार जोडावा लागतो, नाहीतर बॉडी मधोमध खचते. क्लेमंटने आधार दिलाच नव्हता. खचलेल्या बॉडीवरच नवे पत्रे जोडले, मग दारं बसेनात म्हणून कडा घासल्या, पुट्टी भरली, पुन्हा घासली. वर्षानुवर्षं तेच.

तिला सांगायचं कसं? तिने दिलेला चहाचा कप हातात धरून मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "अल्बन, लहानपणी काच फोडलीस की तू असाच हवापाण्याच्या गप्पा मारायचास. काय झालंय?"

हे सगळं कापून पुन्हा करावं लागेल, असं मी सांगितलं.

ती गाडीकडे बघत राहिली. "म्हणजे त्याला येतच नव्हतं?"

"नव्हतं येत."

"आणि मी समजत होते, त्याला माझ्यापेक्षा हिचा सहवास गोड, म्हणून संपवत नाही." ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रुमाल शोधावा लागला. "वेडा कुठला. तुला विचारलं असतं तर काय नाक कापलं जाणार होतं त्याचं?"

पत्र्याला पहिला काप तिने स्वतः दिला. पुढचे दोन हिवाळे आम्ही म्हातारा-म्हातारी त्या गॅरेजात भांडत, खोकत राबलो. सीटची कव्हरं क्लेमंटने स्वतःच्या हाताने शिवली होती, टाके वेडेवाकडे. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एकाने सुचवलं, नवी करून घ्या, ही शोभत नाहीत. विनी म्हणाली, ती बसायला आहेत.

दारं लागली. मे महिन्यात आम्ही बार्मथला निघालो, ती चालवत होती. गाडी धडधडत होती, इंजिनच्या उष्णतेने पाय भाजत होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. वळणांवर मात्र विनी जुन्या सवयीने अशी काही गियर टाकायची की बघत राहावं. समुद्रासमोर गाडी लावून आम्ही व्हिनेगर शिंपडलेले गरम बटाट्याचे चिप्स खाल्ले.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "माझ्या आठवणीत होती तितकी काही ही चांगली नाही. कंबर मोडली माझी."

मग परत जाताना मी चालवू का, असं मी विचारलं.

"हात तर लावून बघ," ती म्हणाली आणि बोटं पुसून तिने गाडी सुरू केली.