स्टिकरखाली दडलेले माझे नाव

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही वर्गात बसला आहात. बाई हजेरी घेताना तुमच्याकडे पाहतात, पण नाव मात्र दुसऱ्याच मुलाचे घेतात. तुम्हाला 'हजर' म्हणता येत नाही. बाई पुन्हा तेच नाव घेतात, पुन्हा तुमच्याकडे पाहतात. सांगा, जीव किती कासावीस होईल?

मी एक जुने साउंड कार्ड आहे आणि माझे असेच झाले होते. संगणकाला ऐकता-बोलता यावे म्हणून त्याच्या पोटात जी तळहाताएवढी हिरवी पट्टी बसवत, ती मी. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे एका कचेरीत मी पाच वर्षे इमानाने काम केले. मग आवाजाची सोय अंगातच असलेले नवे संगणक आले आणि मला उल्हासनगरच्या एका दुकानात भंगाराच्या पोत्यातून पोचवले गेले.

दुकानदार चंदरशेठ माणूस वाईट नव्हता. त्याने मला पुसले, तपासले, आणि आपल्या सहीचा वॉरंटीचा स्टिकर माझ्या सर्वांत मोठ्या चिपवर दाबून बसवला. माझे खरे नाव नेमके त्याच चिपवर छापलेले होते. मग हाताशी आलेल्या एका रिकाम्या खोक्यात मला घातले. खोक्यावर नाव होते दुसऱ्याच कार्डाचे.

२००४ सालच्या एका शनिवारी सम्यक मला बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या त्याच्या घरी घेऊन आला. तो डिप्लोमाला होता. त्याच्या संगणकावर विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतले लिनक्स होते. घरात त्याची आई संध्याताई, अकरा वर्षांची बहीण स्वप्नाली आणि आजोबा रामभाऊ. रामभाऊ अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलांकडून पाढे म्हणून घेत. आता त्यांच्या घशात गाठ झाली होती. मंगळवारी शस्त्रक्रिया होती, आणि नंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

बेत स्वप्नालीचा होता. आजोबांचे दोन ते तीसचे पाढे संगणकात भरायचे. आकड्याचे बटण दाबले की आजोबांच्या आवाजात पाढा ऐकू यायला हवा.

पण लिनक्सला माझे नाव सांगावे लागे. नाव कळले की ते माझ्याशी बोलायचे नियम उघडत असे. त्या नियमांना ड्रायव्हर म्हणतात. नवी कार्डे आपले नाव आपणच सांगतात. आमच्या पिढीला ती सोय नव्हती. सम्यकने खोक्यावरचे नाव दिले. लिनक्सने तक्रार केली नाही, म्हणून त्याला वाटले, जमले.

रविवारी सकाळी रामभाऊ माइकपुढे बसले. घोट घोट कोमट पाणी पीत त्यांनी दोनपासून दहापर्यंतचे पाढे म्हटले. मला ते शब्द दारापर्यंत आल्यासारखे जाणवत होते, पण आत घेता येत नव्हते. सम्यकने बटण दाबले. नुसती खरखर आली.

"कारखान्यात तीस वर्षं मशीन माझ्यावर ओरडली," रामभाऊ बसक्या आवाजात म्हणाले. "आज मी बोललो, तर ही ऐकत नाय."

"बाबा, तुम्ही आता गप्प बसा बघू," संध्याताई म्हणाल्या. "आवाज काय पाण्यासारखा नळाला येतो?"

सम्यकने चंदरशेठला फोन लावला. "शेठ, कार्ड बोलत नाय."

"भाऊ, विंडोजमध्ये टेस्ट करून दिलाय. लिनक्स-बिनक्सची गॅरंटी आपली नाय. बदलून पाहिजे तर बुधवारी ये, नवा माल येतो. पण स्टिकर सलामत पाहिजे हां. फाटला तर मला बोलायचं नाय."

सम्यकने मला बाहेर काढले. उलटसुलट केले, दिव्याजवळ धरले. "नंबर स्टिकरखाली असणार. पण काढला तर बदलून मिळणार नाय. बुधवारपर्यंत थांबू."

स्वप्नालीने विचारले, "दादा, बुधवारी आजोबा बोलणारेत का?"

तिने मला त्याच्या हातातून घेतले आणि नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. स्टिकर दोन ठिकाणी फाटला, तशी सम्यकने मान फिरवली. ती मात्र खोबरेल तेलाचे बोट फिरवून चिकटा पुसत राहिली. मग एकेक अक्षर लावत तिने माझे खरे नाव मोठ्याने वाचले.

मित्रांनो, तो दिवस आठवला की मला सांगावेसे वाटते. एखादी वस्तू, एखादे माणूस मुके आहे असे ठरवण्याआधी, त्याच्यावर आपण काय चिकटवून ठेवले आहे ते बघत जा.

सम्यकने ते नाव टाकले. नावातले आकडे टाकताना दोनदा चुकले, तिसऱ्या खेपेला जुळले. संध्याताई माइकजवळ खाकरल्या आणि तेच खाकरणे त्यांना परत ऐकू आले.

त्या संध्याकाळी रामभाऊंनी पुन्हा दोनपासून सुरुवात केली. पण सकाळचे पाढे फुकट गेले होते, त्यांची किंमत आता कळली. विसाच्या पुढे आवाज चिरू लागला. सव्वीस दाहे दोनशे साठ म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. त्यापुढे घशातून शब्द निघेना.

तीन आठवड्यांनी रामभाऊ गळ्याला पट्टी बांधून घरी आले. गल्लीतली मुले अंगणात जमली. स्वप्नाली बटणे दाबत गेली, मी बोलत गेलो आणि मुले माझ्यामागून म्हणत गेली. रामभाऊ पायरीवर बसून बोटाने ठेका धरत होते. सव्वीस झाले. पुढचे बटण दाबले, तर काहीच वाजले नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. रामभाऊंचे बोट थांबले.

स्वप्नालीने माइक पुढे ओढला. "सत्तावीस एके सत्तावीस. सत्तावीस दुणे चोपन्न. सत्तावीस त्रिक ब्याऐंशी."

रामभाऊंनी मान हलवून नाही म्हटले आणि 'एक कमी' अशी खूण करत एक बोट खाली केले.

तिने म्हटलेले सगळे पुसले, ओढणीने तोंड पुसले, आणि पुन्हा सत्तावीस एकेपासून सुरुवात केली.