बॅटीशी लागलेलं लगीन

बनूचं लगीन लागलं ते बॅटीशी. हसू नका रे, खरंच सांगतोय! अंतरपाट दूर झाला, तर समोर पाटावर नवरा नाय, टेनिसची बॅट उभी. तिला मुंडावळ्या बांधलेल्या, हळद फासलेली. तीच उष्टी हळद आदल्या दिवशी बनूला लावली होती. आणि बॅट पडू नये म्हणून सासरा येसाजी तिची दांडी धरून उकिडवा बसलेला!

झालं होतं असं. नवरा दत्ताराम, बिरवाडीचा, मुंबईच्या क्लबात मार्कर. मार्कर म्हणजे पगार घेऊन साहेबलोकांना टेनिस खेळवणारा. पण साधासुधा नाय हां, मुंबई-पुण्याच्या झाडून सगळ्या मार्करांच्या सामन्यात तीन वर्षं लागोपाठ पहिला! उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वरला जाणार, की ह्यानंही त्यांच्या मागून वर जायचं. आणि लग्नाचे मुहूर्त सगळे वैशाखात. रजा काय मिळेना. तेव्हा येसाजीनं मिशीला पीळ दिला. "राजेलोकांची लग्नं खांड्याशी लागायची. नवरा लढाईवर, तलवार मांडवात. आपण काय कमी हाय? माझा पोरगा बॅटीवर लढतो, तर त्याची बॅटच त्याचा खांडा!"

बनूचा बाप कुशाबा, आंबेनळीच्या पायथ्याचा साधा माणूस. राजेलोकांचं नाव ऐकून तो फुगलाच. बनूला कोणी विचारलंच नाय.

आणि मग सासरी काय झालं! विहिरीवर बायका टपलेल्याच.

"काय गो बनू, जेवला का नवरा?"

"रातचा घोरतो काय गो?"

"आगो, तिचा नवरा बारीक हाय, पण भोकं लय!"

बनू घागर आपटायची. घरी येऊन सासूला म्हणायची, "त्यांना बोलवा." सासू आनंदीबाई म्हणायची, "येल गो पावसाळ्यात. मानाचं लगीन हाय तुझं." आणि सांजवेळी त्या बॅटीला कुंकू लावायला लावायची! वीस दिवस बनूनं कुंकू लावलं. एकविसाव्या दिवशी मागच्या अंगणातल्या चिंचेखाली येसाजी कुणालातरी हसत सांगत होता, "पोरगा मोठा हुशार. तुटकी होती तीच धाडलीन. चांगली लागते ना त्याला खेळायला."

बनू आत गेली. बॅट उचलली. बघते तर खरंच की, जाळीच्या मधल्या दोन ताती तुटलेल्या, वर हळदीचा दोरा बांधून झाकलेल्या. त्या दिवसापर्यंत तिला राग होता. आता मात्र तिच्या कानातून वाफ निघायला लागली. "म्हणजे मला त्यांची टाकाऊ बॅटच दिली," ती म्हणाली, आणि माहेरी जाते म्हणून जी निघाली, ती बापाच्या घरी एक रात्र टेकली. पहाटे आत्याला, राहीबाईला, उठवलं. राहीबाई वर महाबळेश्वरला करवंदं विकायला जायची, तिला घाटाची वाट पाठ.

"आगो पण बापास सांग तरी."

"बापानं मला सांगितलं होतं?"

राहीबाईनं पदर खोचला. आंबेनळीचा सगळा घाट बनू चढली, बॅट खांद्यावर घेऊन, कुदळ घेतात ना तशी. मध्ये एकदासुद्धा बसली नाय. राहीबाई मागून धापा टाकतेय, "बने, अगं मेले मी!" पण ही काही ऐकेना.

क्लबाच्या फाटकावर शिपाई आडवा. "ए बाई, इथं कुठं? आत सामना चाललाय."

"त्या खेळणाऱ्याची बायको हाय मी. दत्तारामाची."

शिपाई हसायलाच लागला. "दत्तारामचं लगीन कवा झालं? सकाळीच तर माझ्यासंगं चहा प्यायला. काय बोलला नाय."

झालं! आता कोण अडवणार तिला? शिपाई बाजूला फेकला गेला, खरंच फेकला गेला, आणि बनू मैदानाच्या कडेला. लाल माती, पांढऱ्या रेघा, खुर्च्यांत साहेब नि मडमा. पलीकडं पुण्याचा मार्कर, अलीकडं दत्ताराम. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात नवी कोरी बॅट. चेंडूला लागली की टणकन् वाजायची. दिसायला चांगला होता हो. तिला त्याचाही राग आला.

"दत्ताराम!"

नवऱ्याचं नाव! भर मैदानात! राहीबाईनं पदर तोंडात कोंबला. दत्तारामनं वळून बघितलं, आणि हातातला चेंडू सुटून खाली पडला. हळदीची बॅट ओळखली त्यानं.

तो धावत कडेला आला. "बनू ना तू? हळू बोल गो. नाव काय घेतेस नवऱ्याचं?"

"नवरा? माझा नवरा हा!" तिनं बॅट त्याच्या नाकासमोर धरली. "रोज कुंकू लावते मी ह्याला. तुम्ही कोण?"

"अगं, बा म्हणाला, तुमच्याकडचे खूश हायत. खांड्याचा मान मिळाला म्हणून..."

"मला विचारलं कुणी? आणि मान देताना तुटकी दिली ती? ही का नाय धाडली?" तिनं त्याच्या हातातल्या नव्या बॅटीकडं बोट केलं.

दत्ताराम खाली बघायला लागला. "हिच्याशिवाय मी खेळणार कसा?"

"बरोबर. माझ्याशिवाय मात्र सगळं जमतंय. शिपायाला पण ठाऊक नाय तुमचं लगीन झालेलं!"

खुर्चीतून साहेब ओरडला, चल, चल, खेळ! दत्ताराम हात जोडून म्हणाला, "एवढा डाव होऊ दे. जिंकलो की चौथ्यांदा पहिला येतो मी. तासभर थांब. मग बोलू."

तासभर म्हणे! बनूनं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग बॅट आडवी धरली, गुडघ्यावर घेतली, आणि कड्‌कन्! दोन तुकडे! मडमा किंचाळल्या.

"मेला माझा नवरा," बनू म्हणाली. "आता मी मोकळी. तुम्ही खेळा."

आणि कपाळावरच्या कुंकवाकडं तिचा हात गेला.

तेवढ्यात दत्तारामनं तिचं मनगट धरलं. नवी बॅट त्यानं मातीत ठेवली आणि फाटकाकडं चालायला लागला. मागून साहेब तांबडालाल होऊन ओरडतोय, आता गेलास तर परत पाय ठेवू नकोस! पुण्याचा मार्कर जागच्या जागी थिजलेला. दत्ताराम थांबला नाय. फाटकापाशी फक्त शिपायाला म्हणाला, "बायको हाय माझी. वैशाखात लगीन झालं."

बनूचा राग निवला असं वाटतं तुम्हाला? छट्! अर्धा घाट ती दणदण पुढं उतरत गेली. दत्ताराम मागून येतोय, पांढरे बूट मातीनं लाल झालेत, राहीबाई त्याच्याही मागं. एका वळणावर तो हळूच म्हणाला, "माझी रोजी गेली गो. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

"आणि बा काय म्हणंल?"

बनू थांबली. वाट सोडून कडेला उभी राहिली.

"पुढं व्हा," ती म्हणाली. "माझ्या मागून येऊ नका. माझ्या बाच्या अंगणात आधी तुम्ही शिरायचं, तुमच्या पायांनी. आणि तुमच्या बापाला निरोप धाडायचा तो पण तुम्हीच. अंतरपाट पुन्हा धरायचाय, म्हणावं."

दत्ताराम पुढं झाला.

"आणि भरभर चाला!" बनू मागून ओरडली.